पांढरं बी

१

हे सांगायचं नाही, असं मी कबूल केलं होतं. बदरुन्निसा खालानं माझ्याकडून विद्येची शपथ घेतली, आणि विद्येची शपथ मोडली तर काय होतं ते शाळेतल्या कोणत्याही मुलीला विचारा. पण तिनं मला निवडलं ते मी बोलत नाही म्हणून. "हे मास्तरची पोट्टी विहीर हाये," ती म्हणायची, "दगड टाका, आवाज येत नाई." मी लिहिते, हे तिला माहीत नव्हतं.

गोष्ट तिची आहे. म्हणून तिचीच सांगते.

कामरगावच्या बाजारात उस्मान अत्तारांचं दुकान आहे. ऊद, धूप, कापूर, गुग्गुळ, हिरडा, बेहडा, सुरमा आणि काचेच्या झाकणाच्या कुप्यांत अत्तर. पुढं दुकान, मागं घर, मध्ये तरटाचा पडदा. उस्मानमियाँसारखं नाक थेट अकोल्यापर्यंत दुसरं नाही, असं लोक मानत. खरं म्हणजे उस्मानमियाँ मिसरूड फुटायच्या आधीपासून तपकीर ओढत. कांदा कोणता आणि गुलाब कोणता, हे त्यांना डोळ्यांनीच कळायचं. नाक होतं ते पडद्यामागं.

पडद्यामागं त्यांची बायको बदरुन्निसा बसे. पुढ्यात एक पितळी वाटी आणि हातात चमचा. व्यापारी माल काढून बसला की उस्मानमियाँ एक खडा उचलत, उजेडात धरत, मान तिरकी करत आणि मागच्या मागं पडद्याच्या फटीतून आत सरकवत. वाटीचा एक आवाज झाला तर माल चोख. दोन झाले तर भेसळ.

एकदा एक व्यापारी म्हणाला, "अस्सल मारवाडी गुग्गुळ, मियाँ. डोळे मिटून घ्या."

आतून टण, टण.

"डोये मिटूनच पाहून राह्यलो," उस्मानमियाँ शांतपणे म्हणाले. "याच्यात राळ हाये. अन् बाभळीचा डिंक."

व्यापाऱ्यानं कानाला हात लावले. तो गेल्यावर उस्मानमियाँ आत आले आणि म्हणाले, "बदरू, पाव हिस्सा राळ, का अर्धा?"

"पाव. अन् पोतं जिऱ्याचं होतं. अन् थो मानूस सकाळपासून जेवला नाई. पानी तरी द्याचं होतं त्याले."

मी तिच्याजवळ बसून गणितं सोडवत असे. पडदा न उचलता ती सांगे, "पुंजाजी आला. आज त्याच्या घरी अंबाडी शिजली." आणि पुंजाजीच असे. मी विचारलं, हे कसं येतं. ती म्हणाली, "हरेक मानसाचा एक वास असते, विजे. साबनानं जात नाई. फक्त ज्याचा त्याले येत नाई, बाकी साऱ्याइले येते."

मला तेव्हा वाटलं होतं, आपल्या शाळेच्या इन्स्पेक्टरनं परीक्षा घ्यायची तर हिची घ्यावी.

२

तिची एकच हौस होती. गुग्गुळाचा ताजा थेंब, झाडाच्या सालीवरून नुकताच ओघळलेला, एकदा हुंगायचा. दुकानात येणारा माल दहा हातांतून येई. "मेलेल्या मानसाची ओळख करून द्यावी तसं हाये हे," ती म्हणे.

शाळेत ज्युबिलीचे पेढे वाटले त्या वर्षीची गोष्ट. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा सोमला बैलांच्या व्यापाऱ्यांबरोबर मारवाडात जाऊन आला होता.

"काय आनलं गा, सोमला?" उस्मानमियाँनी विचारलं.

"बैलं आनले. अन् भाभीसाठी एक घोर आनला." त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. मूठभर बिया होत्या. "गुग्गुळाच्या हायेत. रेताडातलं झाड. तुमच्या काळ्या मातीत लावसान त आठ दिवसात सडन."

पडद्यातून एक हात बाहेर आला. बिया तळव्यावर घेऊन तो आत गेला. मग आतून प्रश्न आला, "हे दोन रंग काहून?"

"काळं बी लावा. पांढरं फेकून द्या. थे पोकळ असते, आत काई नाई."

"बी हाये नं?"

"टरफल हाये, भाभी. बीचं सोंग."

तिनं एक पांढरं बी दाताखाली फोडलं. आत खरंच काही नव्हतं. कोरडी, स्वच्छ पोकळी, जणू कोणी आतून झाडून घेतली होती.

काळ्या एकवीस बिया निघाल्या. तिनं कुंभाराकडून एकवीस बोळकी आणली, नदीची जाड वाळू धुऊन वाळवली, तिच्यात मुरूम आणि विटांचा चुरा मिसळला. काळ्या मातीचा कण नखात राहू नये म्हणून ती हात राखेनं घासून मग बी पेरी. पाणी घालायचं नाही. ओलं फडकं वरून पिळायचं, तेही एका दिवसाआड. पावसाची झड आली की एकवीस बोळकी पडवीत, ऊन पडलं की अंगणात, ऊन सरकलं की त्याच्यामागं. घरकाम, दुकानातली वाटी, आणि वर हे.

उस्मानमियाँ म्हणाले, "मले एवढं कोनी जपलं असतं त म्या झाड झालो असतो."

"तुमाले पानी जास्त झालं, म्हनून राह्यले," ती म्हणाली.

पांढऱ्या चार उरल्या होत्या. त्या तिला उकिरड्यावर टाकवेनात. शेतकऱ्याच्या घरची लेक. बी म्हटलं की ते पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं. पडवीच्या कोपऱ्यात फुटक्या माठाचं बूड पडलं होतं, त्यात उरलेली वाळू होती. तिनं त्या चारही त्यात बोटानं दाबल्या आणि विसरून गेली.

३

एकविसांतली नऊ उगवली. त्यांतल्या एका रोपाला एकाच बुडातून दोन कोंब आले. त्या दिवशी तिनं मला हाताला धरून ओढत नेलं आणि भिंगातून दाखवावं तसं दाखवलं.

दिवाळी झाल्यावर सगळी पानं गळून गेली. उरल्या नुसत्या काड्या.

"मेले," उस्मानमियाँ म्हणाले. "टाक फेकून."

तिनं एका काडीवर नखानं हलकेच ओरखडा काढला. आत हिरवं होतं. तिनं नख नाकाशी नेलं आणि हसली. "झोपले हायेत. याइचा रिवाज हाये थो. आता पानी पाजलं त मरतीन."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गुग्गुळाचं झाड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तेव्हा, त्या पानगळीत, पडवीच्या कोपऱ्यात मला हिरवं काहीतरी दिसलं. फुटक्या माठाच्या बुडात एक रोप उभं होतं. वीतभर. पानं भरलेली.

खाला आली आणि त्याच्यापुढं उकिडवी बसली. हात लावला नाही. "माय वं," एवढंच म्हणाली. ते देखणं होतं यात शंका नाही. बाकीच्यांची पानं खरखरीत, कडेला दातेरी. याची पानं मऊ, एकसारखी, जणू मेणात ओतलेली. तिनं एक पान खुडून चुरगाळलं आणि नाकाशी धरलं. परत धरलं. मग मला दिलं.

"काय येते?"

"काहीच नाही."

"काईच नाई नं?" तिचे डोळे चमकत होते. "दगडाले वास असते, विजे. पान्याले असते. कोऱ्या कपड्याले असते. काईच वास नाई अशी चीज म्या आजवर पाह्यली नोती. केवढी सफाई हाये पाय!"

पुढच्या उन्हाळ्यात तिनं रोपं मोठ्या कुंड्यांत लावायला घेतली. नऊही रोपं तिनं वाळूच्या गड्ड्यासकट, मूल उचलावं तशी उचलली. माठातल्या रोपाला हात घातला तर ते नुसतं वर आलं. पाण्यातून काडी यावी तसं.

त्याला मूळ नव्हतं.

मूळ तुटलं असेल म्हणून तिनं सगळी वाळू चाळून पाहिली. काही नाही. खोडाचं खालचं टोक गुळगुळीत, गोल, बंद होतं. बोटाच्या शेंड्यासारखं. बियांची टरफलंही सापडली नाहीत, चारांपैकी एकाचंही.

तिनं ते परत वाळूत खोचलं आणि हात धुतले. "असन एखांदी जात," ती स्वतःशीच म्हणाली. "आपल्याले काय साऱ्याच जाती मालूम हायेत?"

४

भादव्यात तिला मुलगा झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याचं नाव मेहबूब ठेवलं. उस्मानमियाँनी बाजारात सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, आमच्या बापूंच्यासुद्धा. बापू दोन दिवस शाळेत गुलाबाचा वास घेऊन शिकवत होते.

खाला त्याच्या टाळूशी नाक नेऊन बसून राही. "भिजलेली चन्याची डाय," ती म्हणे, "अन् थोडं लोनी." आणि मेहबूबही तिचाच. जेमतेम दोन महिन्यांचा असताना, डोळे मिटलेले असताना, ती दारात आली की तो मान तिकडं वळवे. चाहूल लागू न देता मी कितीदा तरी तिला मांजरीसारखी यायला लावलं. तो बरोबर वळे.

"याचं नाक माह्यावर गेलं," ती म्हणाली. असा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

शिमग्याच्या सुमारास माठातल्या रोपावर एक थेंब दिसला. गुग्गुळाला थेंब यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि साल चिरल्याशिवाय तो येत नाही. हे रोप अजून गुडघाभरही नव्हतं आणि कोणी चिरलं नव्हतं. थेंब पांढरा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

त्या घराची एक रीत होती. कोणताही खडा डब्यात जायच्या आधी निखाऱ्यावर जायचा. शेगडीवर वाकायचं, डोक्यावरून ओढणी घ्यायची, धूर आत कोंडायचा आणि छाती भरून ओढायचा. बदरुन्निसानं हे हजार वेळा केलं होतं. या थेंबाची तर तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती.

उस्मानमियाँ दुकानातून कान लावून होते. धूर झाला, भरपूर झाला, ओढणीच्या कडांतून बाहेर आला. तिनं एकदा ओढला. दुसऱ्यांदा आणखी खोल. तिसऱ्यांदा इतका की बरगड्या वर आलेल्या मला दिसल्या.

"कसा हाये, बदरू?"

वाटी एकदाही वाजली नाही. दोनदाही वाजली नाही.

५

दुसऱ्या दिवशी बकरीनं तिला लाथ मारली. चार वर्षांची बकरी, तिच्याच हातची वाढलेली. तिनं खालाचा हात हुंगला, परत हुंगला आणि अनोळखी माणसापासून सरावं तशी दोरी ताणून मागं सरली.

खालाला वाटलं, सर्दी झाली असेल आणि डोकं जड आहे म्हणून सगळं उलटं वाटतंय. पण नाक शाबूत होतं. उस्मानमियाँची तपकीर येत होती, माझ्या वेणीतलं खोबरेल येत होतं, तीन घरं पलीकडचा फोडणीचा लसूण येत होता. पेटीत वाळ्याच्या काड्यांत ठेवलेली ओढणी काढली, घमघमली. अंगावर घेतली आणि वास गेला. तेल बाटलीत होतं तोवर चमेलीचं होतं. केसांना लावलं की नुसता ओलावा.

"विजे, इकडं ये. मले हुंग."

मला लाज वाटली, पण मी तिच्या खांद्याशी नाक नेलं. भिंतीपाशी उभं राहावं तसं वाटलं. भिंतीलाही चुन्याचा वास असतो.

"काय येते?"

मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच, म्हणून तिला कळायला वेळ लागला.

त्याच दुपारी मेहबूबनं तिचं दूध सोडलं.

तिनं त्याला पदराखाली घेतलं की तो हातपाय झाडी. गोजराबाई सुईण आली. तिनं पिळून पाहिलं आणि म्हणाली, "दूध त मायंदाळ हाये वं. पोट्टंच तोंड लावत नाई." तिनं त्याला आपल्या मांडीवर घेतलं, तर तो गप्प झाला. माझ्याकडं दिलं, गप्प. उस्मानमियाँच्या तपकिरीच्या सदऱ्याशीसुद्धा गप्प. आईकडं दिलं की असा रडे, जसं कोणी त्याला रिकाम्या घरात ठेवून दार ओढून निघून गेलं.

बकरीचं दूध वातीनं पाजलं. तो थोडं घेई, बरंचसं ओकून टाकी. सहा दिवसांत त्याच्या मनगटावरची वळी गेली. टाळू खोल गेली. खाला त्याला दुरून पाही, कारण जवळ गेली की तो रडे. आणि रडायला त्याच्यात आता जीव कमी होता.

"थो मले पाहून राह्यला, विजे," ती म्हणाली. "पन त्याच्यासाठी मी येथं नाई."

६

सातव्या दिवशी दुपारी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मेहबूब पडवीत झोळीत होता. रडणं थांबलं होतं, आणि ते किती वेळापासून थांबलंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती पिठाच्या हातांनीच धावली.

तो जागा होता. कोपऱ्याकडं तोंड करून पडला होता. शांत. ओठ हलत होते, पिताना हलतात तसे. खालच्या ओठावर एक पांढरा थेंब होता. तिनं पुसायला बोट लावलं. थेंब घट्ट होता आणि चिकट होता.

ती उभी राहिली आणि सवयीनं तिनं डोळे मिटले. कोण आलंय हे बघायचं तर ती असंच बघे.

कोपऱ्यात एक बाई उभी होती. चुलीचा धूर, भाकरीचं पीठ, वाळा, चमेलीचं तेल, आंबलेलं दूध, आणि या सगळ्याखाली एक वास जो तिनं कधी घेतला नव्हता. हजार माणसं ओळखलेल्या त्या नाकाला एक क्षण कळेना की ही कोण. बाई झोळीपासून हातभर अंतरावर होती, जरा वाकलेली.

मग कळलं. हा तो वास, जो ज्याचा त्याला येत नाही.

तिनं डोळे उघडले. फुटका माठ होता, आणि रोप होतं. रोप झोळीच्या बाजूला झुकलेलं होतं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

हे सगळं तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. मला वाटतं, दुसरी कोणी असती तर गाव गोळा केलं असतं.

उस्मानमियाँनी ऐकलं आणि कोयता काढला. "उपटून चुलीत जायून टाकतो."

तिनं त्यांचा हात धरला. "नोका! माहं सारं थ्याच्यात हाये. थे जायलं त पोराले माय कोठून आनसान?"

"मंग काय करू, बदरू? सांग, म्या काय करू?"

"तीळ आना," ती म्हणाली. "दोन शेर. धुतलेले, चोख."

७

अत्ताराच्या घरात वास कसा काढतात ते लहान पोरालाही माहीत असतं. मोगरा काढायचा तर तिळाचा एक थर, फुलांचा एक थर, परत तीळ, परत फुलं. तीळ वास पितात. फुलं शिळी झाली की बदलायची. मग ते तीळ घाण्यात घातले की मोगऱ्याचं तेल. फुलाला आग लावून वास मिळत नाही, हे तिला आपल्या चुकीनंतर आता चांगलंच पटलं होतं.

तिनं रोपाची सगळी पानं खुडली. एकही ठेवलं नाही. परातीत तिळाचा थर दिला, पानांचा थर दिला, वर ओलं फडकं. तीन दिवस ती परातीजवळ बसली. पानं आळली की ती रोपाकडं जाई, आणि प्रत्येक वेळी नवी पानं आलेली असत. तीही खुडी. मी तिच्याजवळ बसून तीळ चाळत होते आणि मनात म्हणत होते की हिच्या जागी मी असते तर पळून गेले असते, आणि मूल माझं असतं तरी कदाचित पळाले असते. या विचाराची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी पानं आली नाहीत. तिनं तीळ उखळात कुटून फडक्यातून पिळले. अर्धी वाटी तेल निघालं. डोळे मिटून तिनं वाटी नाकाशी नेली, आणि तिच्या पापण्यांखालून पाणी आलं.

तिनं ते गळ्याला लावलं, दंडांना, छातीला. मग पडवीत जाऊन झोळीपासून चार पावलांवर उभी राहिली. बोलली नाही, बांगडी वाजू दिली नाही.

मेहबूबनं मान वळवली.

तो किती वेळ पीत होता ते मला सांगता येणार नाही. गोजराबाई एकसारखी नाक ओढत होती. उस्मानमियाँ पडद्याकडं तोंड करून उभे होते आणि म्हणत होते, तपकीर डोळ्यात गेली.

नंतर तिनं ती उघडी काडी माठातून उचलली आणि गुडघ्यावर मोडली. ती आरपार पोकळ होती. स्वच्छ, झाडून घेतल्यासारखी. अंगणात जाळली तेव्हा धूर सरळ वर गेला आणि कशाचाही वास आला नाही.

८

यानंतर तेलाची गरज राहिली नाही. वास तिच्या अंगावर परत बसला. बकरी हात चाटू लागली, मेहबूबच्या मनगटावर वळी आली. नऊ झाडं आता पानांशिवाय झोपली आहेत आणि ती त्यांना पाणी न घालता सांभाळते आहे. मला वाटलं, गोष्ट इथं संपली. अशा बाईची गोष्ट अशीच संपायला हवी.

मागच्या बुधवारी मी तिच्यासमोर बसले होते. ती धूप वळत होती, मेहबूब तिच्या मांडीवर. वाळा, चमेली, चुलीचा धूर, सगळं तिच्याकडून येत होतं. मग ते सगळं माझ्या पाठीमागूनही आलं.

खालाचा हात थांबला. ती मान न वळवता म्हणाली, "विजे, पडवीत कोनी हाये?"

मी वळून पाहिलं. "कोणी नाही."

"मंग हे पोट्टं कोनाकडे पाहून हासून राह्यलं?"

मी मनाशी म्हटलं, तेलाचं फडकं पडलं असेल कुठंतरी. आम्ही दोघींनी मिळून पडवी धुतली. राखेनं घासली. फडकं सापडलं नाही.

तेव्हापासून मेहबूबला एकटं ठेवत नाहीत. खालानं मला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं, शपथ घेतली, आणि एक गोष्ट दोनदा बजावली. "माहा वास आला म्हनून त्याले कोनाच्या हाती देजो नोको. तोंड पाहून देजो. डोये उघडे ठेवून."

आज उस्मानमियाँ मालासाठी कारंज्याला गेले आहेत. सकाळची शाळा सुटली आणि मी इकडं आले. खाला मागच्या विहिरीवर पाण्याला गेली आहे, मेहबूब माझ्या मांडीवर आहे, आणि मी डाव्या हातानं त्याला धरून उजव्या हातानं हे लिहिते आहे. तो झोपला होता म्हणून एवढं लिहून झालं. आता जागा झाला आहे.

रहाटाची कुरकुर येते आहे. म्हणजे खाला विहिरीवरच आहे.

वास पडवीतून येतो आहे. भाकरीचं पीठ, वाळा, चमेली. आधी दारापाशी होता, आता आत आहे. मी डोळे उघडे ठेवले आहेत. समोर तरटाचा पडदा आहे, भिंत आहे, खुंटीवरची वाटी आहे. दुसरं काही नाही. मेहबूबनं दोन्ही हात पुढं केले आहेत आणि तो हसतो आहे. इतका खुशीत की मलाही त्याच्याकडं बघून क्षणभर बरं वाटलं.

रहाट थांबला.

"विजे! वं विजे! दोर अटकला, इकडं ये लवकर, हात लाव!"

हाक मागच्या दारातून आली. आवाज खालाचा आहे. तिनं तोंड पाहायला सांगितलं होतं, आवाजाचं काही सांगितलं नव्हतं, आणि इथून विहीर दिसत नाही. ती परत हाक मारते आहे. मी त्याला इथं ठेवणार नाही, बरोबर घेऊनच जाणार. पण मी उठायला बघते तर तो उचलला जात नाही. त्यानं मूठ वळली आहे, खालाची ओढणी धरतो तशी, घट्ट. मुठीत काही नाही. मी हात ओढून पाहिला, तर पलीकडून

"विजे! आली का नाई?"

आले, खाला, आले, फक्त याची मूठ